भीती कुणाच्या गावची

भयकथांचं पुस्तक परत करायला आलेला वाचक ते टेबलावर ठेवता ठेवताच निकाल देऊन टाकतो. "काही भ्या वाटलं नाही, ताई." नाहीतर मग, "रात्री नका वाचू बरं का, झोप लागत नाही." कादंबरी परत करताना माणसं जरा घुटमळतात. कवितांच्या पुस्तकाबद्दल तर बहुतेक जण 'वेगळं होतं' एवढंच म्हणून सुटका करून घेतात. भयकथेपाशी मात्र शिकलेला, न शिकलेला, म्हातारा, पोरगा, सगळे एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: भ्यालो की नाही. वाचनालयात इतकी वर्षं काढल्यावर मला हे मत फार मोलाचं वाटू लागलं आहे. नावाजलेली कादंबरी न आवडताही चारचौघांत आवडली म्हणणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. अंगावर काटा आला नसताना आला असं सांगणारा अजून भेटायचा आहे.

अंबाजोगाईला आमचा वाचकांचा एक छोटा गट आहे. महिन्याला एक पुस्तक ठरवायचं, आळीपाळीनं वाचायचं आणि शेवटच्या रविवारी बसून बोलायचं. एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना वयानं मोठी माणसंही 'बाई'च म्हणतात. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका आहेत, सरकारी दवाखान्यातली एक सिस्टर आहे, बीएस्सीला असलेला एक मुलगा आहे आणि शेतातून थेट चपला झटकत येणारे, ऐंशीच्या घरातले आबा आहेत. आणखीही येतात-जातात. गेल्या हिवाळ्यात आम्ही वेगवेगळ्या लेखकांच्या चौदा भयकथांचा एक संग्रह वाचायला घेतला. त्याचं नाव मी मुद्दाम देत नाही. पुस्तकाची शिफारस करणं किंवा त्यातली खोट काढणं हा माझा उद्देश नाही. त्याबद्दल आमच्या माणसांनी जे सांगितलं ते मला महत्त्वाचं वाटतं.

सुरुवात ठरल्यासारखीच झाली. काका म्हणाले, "धारपांची सर नाही कुणाला." मराठीत भयकथा वाचणाऱ्या एका अख्ख्या पिढीचं माप हेच आहे. नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) या दोघांनी ते घालून दिलं. काकांच्या तरुणपणी 'नवल' मासिकाचे अंक डेपोच्या विश्रांतीखोलीत हातोहात फिरायचे, मुक्कामाच्या गाडीवर जाणारा कंडक्टर एखादा अंक पिशवीत टाकून न्यायचा आणि गावकुसाबाहेर उभ्या केलेल्या एसटीत बॅटरीच्या उजेडात वाचायचा. धारपांच्या कथेत संकट बाहेरून येतं, दुसऱ्याच कुठल्या मितीतून, आणि त्याला तोंड द्यायला त्यांच्या 'समर्थ' या पात्रासारखा कुणी जाणकार उभा राहतो. मतकरींच्या कथेत ते बऱ्याचदा माणसाच्या आतूनच उगवतं. काकांना धारप जवळचे, बाईंना मतकरी. नव्या संग्रहातल्या लेखकांना या दोघांच्या सावलीतून बाहेर पडता आलेलं नाही असं दोघांचंही म्हणणं पडलं. मला ते पूर्ण पटलं नाही. निदान तीन कथा तरी स्वतःच्या पायावर उभ्या होत्या.

एका कथेवर सगळ्यांचं लगेच एकमत झालं. तिच्यात पानोपानी रक्त, आतडी, किडे. मुलगा म्हणाला, "किळस आली, भीती नाही आली." या एका वाक्यात त्यानं जी रेघ ओढली ती नाट्यशास्त्रात भरतानंही ओढलेली आहे. भयानक आणि बीभत्स हे तिथं दोन निराळे रस आहेत. भयानकाचा स्थायीभाव भय, बीभत्साचा जुगुप्सा. रंगही निराळे, पहिल्याचा काळा आणि दुसऱ्याचा निळा. लेखकानं काळ्याऐवजी निळा डबा उघडला होता. त्या कथेवर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

खरी चर्चा पेटली ती वाड्यावरून. चौदांतल्या पाच कथा कोकणातल्या, किंवा कोकणात असल्यासारख्या. कोसळणारा पाऊस, शेवाळलेल्या पायऱ्या, माजघर, मागच्या आगरातला काळोख, आणि पाण्यानं तुडुंब भरलेली विहीर. मराठी भयकथेचं हे जुनं घर आहे आणि ते सुंदरही आहे, यात शंका नाही. पण बाई म्हणाल्या, "मी हे सगळं पाहुणी म्हणून वाचते. छान वाटतं, पण ते घर माझं नव्हे." आणि विहिरीच्या कथेवर आबांचं मत असं होतं: "विहिरीला पानी हाय की. मंग भ्यायचं कामून?"

कुणी हसलं नाही. इथं सगळ्यांना ते कळलं. ज्या लेखकानं ती कथा लिहिली त्याच्या गावात काळंशार, खोल पाणी म्हणजे धोका. आमच्याकडे विहिरीची धास्ती वाटते ती पोहरा खाली गेला आणि खडकावर आपटल्याचा आवाज आला म्हणजे. २०१६ च्या मार्चमध्ये इथून जवळच लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावावं लागलं होतं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांनी पाणी आलं. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. त्या उन्हाळ्यात गावोगावी कोरड्या विहिरीत दोर लावून उतरायचं, तळाच्या झऱ्यापाशी बसायचं आणि वाटीवाटीनं घागर भरायची, असं चाललेलं आम्ही पाहिलं आहे. साठ-सत्तर फूट खाली लेकरू बसलेलं आणि वर कठड्याशी आई. त्या आईला विहिरीतून येणाऱ्या हडळीच्या हाताची गोष्ट वाचायला दिली तर ती काय सांगेल? साती आसरा पाण्याच्या काठी असतात असं आमच्याकडेही मानतात, त्यांना ओटी भरतात, हळदीकुंकू वाहतात. पण पाणीच नसलेल्या विहिरीत आसरा कुठं जातात, यावर कुणी कथा लिहिलेली मी तरी वाचली नाही. लिहिली तर ती मी आधी आबांच्या हातात देईन.

मग आबांनी पेवाची हकिकत सांगितली. ती मी जरा सविस्तर सांगते, कारण संग्रहातल्या चौदाही कथांपेक्षा तिनं जास्त शांतता पसरवली.

पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. वर माणूस जेमतेम आत जाईल एवढंच तोंड, खाली रांजणासारखा फुगत गेलेला पोकळ भाग. आत कडबा, भुसा लावून ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. दुष्काळाच्या साली उघडायचं. आबांच्या लहानपणी गावात असं एक पेव बरीच वर्षं बंद होतं. उघडायचं ठरलं तेव्हा म्हाताऱ्यांचा नियम होता: दगड काढला की लगेच कुणी वाकायचं नाही. बराच वेळ तोंड मोकळं ठेवायचं. मग कंदील पेटवून दोरीनं खाली सोडायचा. जळत राहिला तर माणूस उतरायचा. विझला तर कंदील वर ओढून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पेवाकडे फिरकायचं नाही. एका गड्यानं घाई केली. पाटी घेऊन उतरला, वरच्यांनी हाक मारली, त्यानं 'हां' म्हटलं, दुसऱ्या हाकेला उत्तर आलं नाही. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला. तोही वर आला नाही.

आबा एवढंच बोलून थांबले. गावात तेव्हा कुणी म्हणालं पेवात 'काहीतरी बसलंय', कुणी म्हणालं धनाचा राखणदार असतो. मुलानं लगेच कारण सांगितलं आणि ते खरंच आहे: साठवलेलं धान्यही श्वास घेतं. बंद जागेत ते प्राणवायू संपवतं आणि कार्बन डायऑक्साइड साठत जातो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. आत ओल गेली असली की हे आणखी लवकर होतं. वास नाही, रंग नाही. कंदील आधी विझतो आणि माणूस त्याच्या मागोमाग. आबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आसंल. आमाला कंदील इझला एवढं कळत हुतं." कारण कळल्यानं ती हकिकत तसूभरही कमी भयंकर झाली नाही, उलट मला तरी ती जास्तच लागली. हाक मारल्यावर आलेला तो पहिला 'हां' अजून कानात आहे.

संग्रहातल्या एका कथेत जमिनीखालून घुमल्यासारखा आवाज येतो आणि घरातली माणसं एकेक करून वेडी होतात. पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला ती कल्पनेची भरारी वाटेल. आमच्या गटात हिंगोली जिल्ह्यातून बदलून आलेले एक सर आहेत, वसमतकडचे. ते म्हणाले, "ही गोष्ट नाही, आमच्याकडची बातमी आहे." वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत कित्येक वर्षांपासून जमिनीतून गूढ आवाज येतात, भांडी थरथरतात, माणसं रात्री-बेरात्री लेकरंबाळं घेऊन अंगणात येतात. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये तिथले भूकंपाचे धक्के नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. सरांचं म्हणणं होतं की लेखकानं आवाज बरोबर लिहिला पण माणसं चुकीची लिहिली. आवाज ऐकून कुणी वेडं होत नाही. म्हातारी आधी दाराची कडी काढते, सून चुलीवरचं उतरवते, कुणीतरी गोठ्यातलं दावं सोडतं. "भीतीत माणसाला लई काम असतं," ते म्हणाले. भयकथा लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे ऐकावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या कथांतली माणसं भ्यायली की किंचाळतात, बेशुद्ध पडतात. घरदार असलेला माणूस भ्यायला की त्याचे हात चालू लागतात.

ती कथा मी माझ्या मावससासूबाईंनाही वाचून दाखवली. त्या औशाकडच्या. डोळ्यांना आता दिसत नाही, पण गोष्ट ऐकायला त्यांना अजून आवडतं. कथा संपेपर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "लेकराची गोष्ट हाय ही. लिहिनाराला म्हनावं, माळवद बघ आधी."

माळवदाचं घर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. काळ्या दगडांच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, त्यांत चुना-सिमेंट नाही, चिखलाचाच सांधा. वर सागवानी खांब-तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी थोडी नवी माती पडायची, म्हणून थर वाढत जायचा. उन्हाळ्यात अशा घराइतकं थंड दुसरं काही नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हलली तेव्हा त्या भिंती बाहेर-आत फुटल्या आणि वरची सगळी माती खाली आली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, माणसं उशिरा, दमून झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीला लहान लहान धक्के बसले होते आणि जमिनीतून आवाज येत होते. लोक काही दिवस बाहेर झोपले, मग थंडी पडली, आवाज थांबले, लोक परत आत गेले.

मावससासूबाईंच्या माहेरची माणसं त्यात गेली. मुलं-सुना बाहेर काढताना हाताला लागलेली ती माती कोरडी, पिठासारखी होती, एवढंच त्या सांगतात. नंतर सरकारनं बांधून दिलेल्या पक्क्या घरात कित्येक जण वर्षानुवर्षं झोपायला तयार नव्हते, दारात पत्र्याचं शेड टाकून राहायचे. घर म्हणजे आसरा हे गृहीतच ज्या प्रदेशात एका पहाटेत मोडलं, तिथल्या वाचकाला 'झपाटलेला वाडा' घाबरवत नसेल तर त्यात वाचकाचं काय चुकलं? वाड्यात कुणी फिरतं याचं त्याला काही वाटत नाही. छप्पर जागेवर आहे ना, हे तो आधी बघतो.

आता त्या कथेबद्दल, जिच्यावरून गटात खरोखर भांडण झालं.

संग्रहात एक कथा भानामतीची आहे. नवी सून घरात येते आणि प्रकार सुरू होतात. दांडीवरचे कपडे पेटतात, भाकरीच्या दुरडीत नको ते निघतं, लहान जावेच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. शेवटी कळतं की करणारी सूनच, आणि ती माणूस नाहीच. लेखनाच्या दृष्टीनं ही कथा उत्तम होती. काकांची पाचावर धारण बसली असं त्यांनी स्वतः सांगितलं. मुलानं तिला पहिला नंबर दिला. आणि सिस्टर म्हणाली, "ही गोष्ट पुस्तकात यायलाच नको होती."

मराठवाड्यात भानामती हा पुस्तकातला शब्द नाही. माझ्या आईच्या पिढीतल्या प्रत्येक बाईनं ती कुठल्या ना कुठल्या गावात ऐकली आहे: बायका कुत्र्यासारख्या भुंकतात, डोळ्यांतून खडे निघतात, कुडाला आपोआप आग लागते. मग जाणता येतो आणि तो कुणाचं तरी नाव घेतो. ते नाव जवळजवळ नेहमी बाईचं असतं. विधवा, पोर नसलेली, नाहीतर भाऊबंदकीत अर्धा एकर मागणारी. सिस्टरनं नोकरीच्या सुरुवातीला अशी एक बाई वॉर्डात पाहिली होती. मारहाण करून आणलेली, आणि जिच्या अंगावर फुल्या उठल्या म्हणून हिला मारलं ती मुलगीही शेजारच्याच खाटेवर. मुलीच्या दंडावर बिब्बा उतला होता. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, काळे डाग पडतात, हे खेड्यात सगळ्यांना ठाऊक असतं, परटाच्या खुणेलाही तोच वापरत. तिनं ड्रेसिंग करता करता मुलीला हळूच विचारलं. मुलगी बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली की मला परत शाळेत जायचं होतं. लग्न ठरलं होतं तिचं.

"त्या मुलीची गोष्ट लिहा म्हणावं," सिस्टर म्हणाली. "मार खाल्लेल्या बाईची लिहा. या लेखकानं मारणाऱ्यांचीच गोष्ट खरी करून दाखवली."

मुलगा मागे हटला नाही. "ताई, गोष्ट ती गोष्ट असते. वाचणारा काय खुळा आहे का? भूत आहे असं लिहिलं म्हणून कुणी उठून कुणाला मारायला जात नाही." त्याचंही खोटं नाही. जादूटोणाविरोधी कायदा झाला तो २०१३ मध्ये, २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यानंतर. आधी वटहुकूम आणि डिसेंबरात कायदा. भानामती, करणीच्या नावाखाली माणसाला छळणं हा त्यात गुन्हा आहे. कथा लिहिणं गुन्हा नाही आणि नसावाही. दाभोलकरांनी स्थापन केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते मराठवाड्यात गावोगाव जाऊन भानामतीचे प्रकार उलगडून दाखवत तेव्हा त्यांनी कुणाची पुस्तकं जाळली नाहीत. ते घरातल्या त्या गप्प मुलीशी बोलत बसत.

तरीही या वादात मी सिस्टरच्या बाजूनं आहे, आणि कायद्यापेक्षा कथा म्हणूनच आहे. पूर्ण कथेत त्या सुनेच्या मनात लेखक एकदाही शिरत नाही. तिला सगळे बघतात, ती कुणाला बघताना दिसत नाही. परक्या घरात येऊन आठ दिवस झालेत, दांडीवरचं तिचंच लुगडं पेटलं आहे आणि सगळं घर तिच्याकडे वळून बघतं आहे, हा क्षण कथेत आहे. तिथं लेखक कॅमेरा लावल्यासारखा सासूच्या मागे उभा राहतो. तो चार पावलं चालून सुनेच्या जागी उभा राहिला असता तर तीच कथा काकांना दुप्पट घाबरवून गेली असती. भूत असलं तरी आणि नसलं तरी.

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांबद्दल संग्रहात एक अक्षर नाही, ते असण्याची अपेक्षाही नव्हती. पण मुकादमाची उचल घेऊन टोळ्या गेल्या की दिवाळीनंतर आमच्या कितीतरी वस्त्यांवर घरांना कुलपं लागतात आणि मागं म्हातारी माणसं उरतात, हे बाईंनी काढलं. त्यांनी अशा गावात नोकरी केली आहे. तिन्हीसांजेला दहा घरांत मिळून दोन दिवे. एक म्हातारी रोज रात्री शेजारच्या बंद घरातल्या माणसांना नावानिशी हाका मारून 'जेवलात का' विचारायची. बाई तेव्हा नव्या होत्या, आठवडाभर दाराला आतून खुर्ची लावून झोपल्या.

संग्रहाच्या संपादकांना मी पत्र लिहिलं आहे. त्यात सगळ्यांची मतं आहेत, कौतुकाचीही. पांगऱ्याचा आवाज, कोरडी विहीर आणि सुनेची बाजू या तीन गोष्टी वेगळ्या परिच्छेदात लिहिल्या आहेत आणि पुढच्या संग्रहात मराठवाड्यातल्या लिहित्या माणसांना विचारा अशी विनंती केली आहे.

मुलानं मात्र उत्तराची वाट न बघता पेवाची कथा लिहायला घेतली. पहिला खर्डा त्यानं आबांना वाचून दाखवला तेव्हा मी तिथं होते. त्यानं पेवाच्या तळाशी एक बाई बसवली होती, मोकळ्या केसांची. आबांनी मान हलवली. "बाई काढ. कंदील इझला, एवढंच लिही." "मग छापणार कोण, आबा?" मुलगा म्हणाला, पण बाईशिवायचा दुसरा खर्डाही त्यानं केला. बाईंना बाई असलेला खर्डा बरा वाटतो, सिस्टरनं अजून वाचलेला नाही, माझं मत आबांकडे आहे. शेवटच्या रविवारी दोन्ही खर्डे मोठ्यानं वाचायचे ठरलं आहे.